सासूबाईंनी मारलेला झेब्रा

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात अंडं फोडलेलं नाही. केकमध्ये अंडं आहे असं कळलं की त्या ताटली हळूच दुसऱ्याकडे सरकवतात आणि वर त्या केकचं कौतुक करतात, करणाऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून. अशा बाईंनी फ्रांकफुर्टच्या विमानतळावर, गणवेशातल्या अधिकाऱ्यासमोर, मी शेजारी उभा असताना, स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "हा झेब्रा मी मारला."

असं त्या का म्हणाल्या हे कळायचं तर आधी सासूबाई कळायला हव्यात. मला त्या अजून पुरत्या कळलेल्या नाहीत, पण जेवढ्या कळल्या तेवढ्या सांगतो.

सुधा मेहेंदळे. माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन थेट जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आल्या, कारण सासरे, म्हणजे श्रीरंग मेहेंदळे, तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. जर्मन त्या वर्गात बसून शिकल्या नाहीत. घरासमोरच्या बागेत वाळूचा खड्डा होता, तिथे लेकीला खेळायला न्यायच्या आणि शेजारच्या पोरांशी बोलायच्या. त्यामुळे आजही त्यांचं जर्मन व्याकरणात चुकत नाही, पण सूर चार वर्षांच्या मुलाशी बोलल्यासारखा असतो, मग समोर बँकेचा मॅनेजर का असेना. पुढे शेजारीण कामावर जाताना आपलं बाळ त्यांच्याकडे ठेवू लागली, मग तिच्या मैत्रिणीने ठेवलं, मग गावाने रीतसर प्रशिक्षण दिलं, आणि सासूबाई टागेसमुटर झाल्या. म्हणजे घरच्या घरी दुसऱ्यांची लहान मुलं सांभाळायची, सरकारी परवान्यासह. त्या गल्लीतली निम्मी तरुण पिढी त्यांच्या मांडीवर वरणभात खाऊन वाढली आहे. त्यातला एक आता बस चालवतो. थांबा सोडून बसचं दार तो देवासाठीसुद्धा उघडणार नाही, पण सासूबाई फुटपाथवर दिसल्या की काचेतून दोन्ही हात हलवतो. तेवढ्यापुरतं स्टिअरिंग कोण धरतं देव जाणे.

त्यांच्या दारात कायम इवले इवले बूट ओळीने लावलेले असतात. सासरे गेले तेव्हा तेराव्यानंतर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मुलांच्या आईवडिलांना फोन करून सांगितलं, उद्यापासून पाठवा. ती मुलं नसती तर आई उठलीच नसती, असं माझी बायको ईप्सिता म्हणते. मला ते पटतं.

आता दुसरी गोष्ट, बॅगेची. आपल्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'बॅगेत जागा', आणि सासूबाई त्याच्या ॲडमिन. स्टुटगार्टच्या आसपासचा कोणीही मराठी माणूस पुण्या-मुंबईला निघाला की त्याने आधी ग्रुपवर सांगायचं. मग कोणाचं औषध जातं, कोणाची चॉकलेटं जातात; येताना कोणाचा गोडा मसाला येतो, कोणाची साडी, कोणाच्या सुनेचं डिंकलाडूंचं पार्सल. यातला अलिखित नियम असा की वाटेत कोणी विचारलं तर हे याचं, ते त्याचं असा पाढा वाचत बसायचं नाही. सगळं माझंच आहे, म्हणून मोकळं व्हायचं. चेक-इनच्या काउंटरवर 'बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?' असं विचारतात, त्यालाही आपण सगळे बिनदिक्कत हो म्हणतो. सासूबाई तर इतक्या गोड हसून हो म्हणतात की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. रिकामी बॅग नेणं त्यांच्या जिवावर येतं. निघण्याआधी त्या जिन्यातल्या प्रत्येक दाराची घंटी वाजवून विचारतात, "मी चाललेय, तुमचं काही आणायचंय का?" खालच्या मजल्यावरच्या जर्मन दारावरसुद्धा.

त्या दारामागे हाउगकाका राहतात. ओटो हाउग, ऐंशीच्या घरात आलेले, मोटारींच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. सासरे गेले त्या हिवाळ्यात जिना झाडायची, दारापुढचा बर्फ काढायची सासूबाईंची पाळी आली की ते काम आधीच झालेलं असायचं. श्वाबियातल्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, माणसाने दुसऱ्याची जिन्याची पाळी न सांगता उचलायची, हे केवढं मोठं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. इथे पाळी चुकवल्यावरून लोकांची बोलणी बंद होतात. सासूबाईंनी महिनाभर बघितलं, आणि पुढच्या भाऊबीजेला काकांना वर बोलावून ओवाळलं. पाटावर बसायला गुडघे तयार नव्हते म्हणून खुर्चीवर. तबकात काय घालायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते तसेच उठून खाली गेले आणि ड्रिल मशीन घेऊन आले. "कुठे भोक पाडायचंय?" तेव्हापासून दर भाऊबीजेला सासूबाई ओवाळतात आणि काका भिंतीला एक भोक पाडून देतात. ती त्यांची ओवाळणी. त्या घरात आता फळ्या जास्त आणि भिंत कमी आहे.

काका शिकारी आहेत. जर्मनीत शिकारीला परीक्षा असते, परवाना असतो, हिरवी टोपी असते. हा सगळा रीतसर मामला आहे. त्यांच्या दिवाणखान्यात हरणांची शिंगं टांगलेली आहेत, आणि सासूबाई तिथे गेल्या की शिंगांकडे पाठ करून बसतात. शिंगांवरून बहीणभावात कधी एक शब्द झाला नाही.

तर गेल्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही नामिबियाला गेलो. ईप्सिताला वाळवंट बघायचं होतं, मला हत्ती बघायचे होते, आणि सासूबाईंना आम्ही दोघं नीट जेवतो की नाही ते बघायचं होतं. निघण्याआधी त्यांनी शिरस्त्याप्रमाणे घंटी वाजवली. काका दर वेळी 'नको, काही नको' म्हणतात. या वेळी म्हणाले की एक वस्तू आहे खरी. पत्नी गेल्यानंतर ते एका मित्राबरोबर तिकडे शिकारीला गेले होते. तेव्हाचं एक कातडं विंडहुकला, तिथल्या राजधानीत, कमावून ठेवलेलं आहे, पाठवणाऱ्यांनी कागदांचा घोळ घातल्यामुळे अडकलंय. आता कागद झालेत, त्याच्याबरोबरच मिळतील. आणि हो, येताना लाल दारातून जा आणि ते दाखवा.

सासूबाई हो हो म्हणाल्या. लाल दाराचं वाक्य एका कानातून गेलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं, कारण इतक्या वर्षांत त्या कधी लाल दारातून गेलेल्याच नव्हत्या. विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा असतात: ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्याची लाल आणि बाकीच्यांची हिरवी. सासूबाईंच्या मते लाल वाट चोरांची. सभ्य माणसाचं तिथे काय काम?

विंडहुकला शेवटच्या दिवशी आम्ही झोपलो होतो तेव्हा त्या टॅक्सीने जाऊन खाकी कागदातली एक जाडजूड गुंडाळी घेऊन आल्या. "हाउगभाऊंचं आहे, सतरंजीसारखं काहीतरी," एवढंच मला सांगितलं आणि गुंडाळी त्यांच्या मोठ्या बॅगेत तळाशी गेली. मीही खोलात गेलो नाही. सासूबाईंच्या बॅगेत काय आहे हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

फ्रांकफुर्टला उतरून हिरव्या वाटेने निघालो. ईप्सिता पुढे गेली. कस्टमच्या एका तरुण अधिकारी मुलीने आमची ट्रॉली बाजूला घ्यायला सांगितली.

"यातलं सगळं तुमचं?"

"सगळं माझं," सासूबाई हसून म्हणाल्या.

तिने बॅग उघडली, गुंडाळी काढली, दोरी सोडली. स्टीलच्या टेबलावर काळे-पांढरे पट्टे उलगडत गेले, ते टेबल संपलं तरी उलगडतच होते.

"हे?"

"हेही माझंच."

"याची शिकार कोणी केली?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा, एक मिनिट, सांगतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा झेब्रा मी मारला," त्या म्हणाल्या.

त्या मुलीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाच फुटांच्या आत उंची, खांद्यावर विणलेली शाल, पायात लोकरीचे मोजे आणि वर सँडल. गुंडाळीतले कागद तिने वाचले. "यात शिकारी म्हणून ओटो हाउग असं नाव आहे. हे कोण?"

"माझा भाऊ."

तिने पासपोर्ट पाहिला. सुधा मेहेंदळे, जन्म सातारा. मग परत कागद पाहिला. "भाऊ," ती म्हणाली. मागच्या खोलीतून तिने एका वरिष्ठ माणसाला बोलावून घेतलं.

त्याने शांतपणे समजावलं. तो झेब्रा साधा नव्हता. डोंगरी जातीचा, ज्याच्या येण्याजाण्यावर साऱ्या जगाचं लक्ष असतं असा. ज्याने शिकार केली त्याने ती स्वतःच्या सामानातून, कागदांसह, लाल वाटेने आणली तर त्याच्यासाठी कायद्यात एक सोय आहे. दुसऱ्याच्या हातून आली की ती सोय संपते. मग वेगळे परवाने लागतात. तुमच्याकडे ते नाहीत. त्यात तुम्ही हिरव्या वाटेने निघालात, आणि वर सांगताय ते या कागदाशी जुळत नाही. कातडं जप्त केलं. पुढचं पत्र घरी येईल, म्हणाला.

गाडीत ईप्सिता मराठीत एक वाक्य बोलली, "आई, तू वेडी आहेस का?" आणि पुढचा सगळा रस्ता जर्मनमध्ये बोलली. ती चिडली की जर्मनमध्ये जाते. आल्झोने, म्हणजे जर्मन 'तर'ने, सुरू झालेलं वाक्य दार्मश्टाट मागे पडलं तरी संपलं नव्हतं.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "क्षितिजराव, हाउगभाऊंना यातलं काही सांगायचं नाही. कातडं तयार नव्हतं, असं मी सांगेन."

आणि तसं त्यांनी सांगितलंही. म्हणजे सरकारला एक खोटं आणि भावाला एक खोटं, आणि मध्ये माझ्या सासूबाई.

पत्र आलं. कस्टमच्या स्टुटगार्टच्या कचेरीने चौकशी सुरू केली होती, फौजदारी स्वरूपाची. तुमचं म्हणणं मांडा, असं लिहिलं होतं. एरवी मी म्हटलं असतं, होईल थोडा दंड, द्या सोडून. पण सासूबाईंचा मुलं सांभाळायचा परवाना त्याच उन्हाळ्यात संपत होता. तो नव्याने मिळायला युगेंडआम्टला, म्हणजे बालकल्याणाच्या कचेरीला, पोलिसांकडचा कोरा दाखला लागतो. फौजदारी प्रकरण अंगावर असलेल्या बाईच्या हाती दोन वर्षांची पोरं कोण देईल? आम्ही गप्प राहायला सुचवण्याआधीच सासूबाईंनी स्वतः फोन करून तिथल्या बाईंना सगळं सांगून टाकलं होतं. म्हणजे सगळं नाही. झेब्रा मारल्याचं.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आधी झेब्राच का, असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, याचा निकाल लागेपर्यंत नूतनीकरण थांबेल." बोलताना त्या दारातले बूट सरळ करत होत्या. ते सरळच होते.

मुलांच्या आयांपर्यंत गोष्ट जायला वेळ लागला नाही. एका आईने तर तोंडावर विचारलं, मौजेसाठी प्राणी मारणाऱ्या बाईकडे मी माझी मुलगी का ठेवावी? प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरही सोपं होतं, पण सासूबाई ते देईनात.

"आई, खरं सांगून टाका," मी म्हणालो. "काकांचं आहे, तुम्ही फक्त आणलंत."

"अहो, त्यांनी मागितलं होतं का? मी जाऊन विचारलं. त्यांनी लाल दारातून जा म्हणून बजावलं, ते मी ऐकलं नाही. आता त्यांची बंदूक काढून घेतील, परवाना काढून घेतील. बायको गेल्यावर माणसाला तेवढंच उरलंय. भावाला पुढे करून बहिणीने मागे लपायचं?"

"पण तुम्हाला शिकार पटते तरी का?" मी वैतागून विचारलं.

"पटत नाही. पण सातारला बाबा मृगाजिनावर बसून संध्या करायचे. ते हरीण काय आपण होऊन पाटाखाली येऊन बसलं होतं? आम्ही कधी विचारलं नाही, याला कोणी मारलं. मग हाउगभाऊंनाच तेवढं कोणत्या तोंडाने विचारू?"

आमच्याही घरी होतं मृगाजिन. मुंजीत त्याचा तुकडा माझ्या गळ्यात बांधला होता, आणि तो कुठून आला हे मला आजवर माहीत नाही.

उत्तर पाठवायची मुदत जवळ आली तेव्हा ईप्सिता आणि मी सुट्टी काढून एका दुपारी झिंडेलफिंगेनला गेलो. ठरवलं होतं की आज सासूबाईंकडून खरं लिहून घ्यायचं, मग रडू देत नाहीतर ओरडू देत. मुलं नुकतीच झोपली होती. अशा वेळी त्या घरात कोणी आवाज करत नाही. चमचासुद्धा बशीत ठेवताना खाली बोट धरायचं.

दारावर टकटक झाली. घंटी नाही, टकटक. काका उभे होते. त्यांना घरातली वेळापत्रकं पाठ आहेत. हातात एक पत्र होतं, तसंच, सरकारी.

"फ्राउ सुधा," ते कुजबुजले, "यात लिहिलंय की मला एक बहीण आहे."

सासूबाई भिंतीला टेकल्या.

"मी आईबापांचा एकुलता एक," काका कुजबुजले. "तेव्हा मी दोनदा वाचलं. मग लिहिलंय की या बहिणीने झेब्रा मारला. तेव्हा कळलं कोण ते."

पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. आयुष्यात इतकं विचित्र भांडण मी पाहिलेलं नाही. ईप्सिताचा चेहरा लाल झाला होता, हात हवेत होते, आणि आवाज मात्र डास गुणगुणल्यासारखा. "मारलाच का पण? कशासाठी? भिंतीवर लावायला?"

काका खुर्चीच्या कडेवर बसले. "तिथे सांगतात ते खोटं नाही," ते म्हणाले. "मांस कामगारांच्या घरी गेलं, मी स्वतः पाहिलं. शिकारी येतात म्हणून तो शेतमालक जंगली जनावरं ठेवतो. नाहीतर त्याने कुंपण घालून शेळ्या पाळल्या असत्या. हे सगळं खरं आहे. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. घर रिकामं होतं म्हणून गेलो. गोळी लागली, मित्राने पाठ थोपटली, आणि मला वाटलं, घर तर तेवढंच रिकामं आहे. आता शिवाय हेही अंगावर."

ईप्सिताचे हात खाली आले.

"मग ते कातडं हवं होतं कशाला तुम्हाला?" मी विचारलं.

"नकोच होतं. कागदांचा घोळ झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "पण तुम्ही दर वेळी विचारता. भारतात जाताना, इटलीला जाताना, साध्या स्टुटगार्टला जाताना. मी दर वेळी नको म्हणतो आणि तुमचं तोंड एवढंसं होतं. मला वाटलं, एकदा तरी हो म्हणावं."

म्हणजे बघा. यांना ते नको होतं, त्यांनाही ते नको होतं. एकाने दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं, दुसरीने पहिल्याला बरं वाटावं म्हणून आणलं, आणि त्या भिडेपोटी जगात ज्याच्यावर पहारा आहे असं जनावर फ्रांकफुर्टच्या टेबलावर उताणं पडलं. मला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. सासूबाई मात्र पदराने डोळे पुसत होत्या. "तयार नव्हतं असं मी खोटं सांगितलं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "आणि ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. म्हणून तर मी काही विचारलं नाही." मग ते उठले. "सोमवारी आपण दोघं त्या कचेरीत जाऊ. मी गाडी काढतो. मी सांगेन ते मी केलं, तुम्ही सांगाल ते तुम्ही केलं. कमी नाही, जास्तही नाही."

स्टुटगार्टच्या त्या कचेरीत आम्ही चौघं गेलो. काकांनी टाय लावला होता. हिरवी टोपी घरी ठेवली होती. समोर एक जाड चष्म्याचे, अजिबात घाई नसलेले गृहस्थ होते. आधी काका बोलले. शिकार माझी, कागद माझे, दुसऱ्या कोणाच्या हाती ते द्यायला नको होतं हे शिकाऱ्याला माहीत असायला हवं होतं, कातड्यावरचा हक्क मी सोडतो. मग सासूबाई. त्यांचा तो चार वर्षांच्या मुलाशी बोलायचा सूर त्या दिवशी कुठच्या कुठे गेला होता.

"मी ते मारलं नाही," त्या म्हणाल्या. "मारलं असं मी खोटं सांगितलं. पण ते आणलं मीच. काय आहे ते मला माहीत होतं, आणि लाल दारातून जायला सांगितलं होतं तेही माहीत होतं."

"मग मारलं असं का सांगितलंत?"

त्यांनी बॅगेचा नियम समजावून सांगितला. सगळं माझंच म्हणायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही. त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कोणीही, काहीही दिलं तरी तुम्ही ते आपलं म्हणता? न उघडता?"

"हो."

"फ्राउ मेहेंदळे, त्या गुंडाळीत आणखी काय काय असू शकलं असतं, याचा कधी विचार केलात?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. इतक्या वर्षांची डिंकलाडूंची पार्सलं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. माझ्या तरी गेली.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी कागदावर बोट ठेवून विचारलं, "इथे भाऊ आणि बहीण असं लिहिलंय. तुमचं नातं आहे?"

काकांनी टाय सारखा केला. "कागदोपत्री नाही," ते म्हणाले.

गृहस्थांनी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि बहुधा तसंच लिहिलं.

त्यानंतर वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं. सासूबाई मुलांना पूर्वीसारखं जेवू घालत, पण झोपवताना नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाठीवर हात ठेवून बसत. त्या जाब विचारणाऱ्या आईला त्यांनी खरी हकिकत सांगितली. ती म्हणाली, विचार करते. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर आली.

निकालाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते फोडलंच नाही. मला फोन केला. मी ऑफिसातून तडक निघालो, एस-बान लोकलमध्ये उभ्यानेच गेलो. दारात काकाही येऊन उभे होते. मी वाचलं. चूक किरकोळ धरली होती, दोघांवरचं प्रकरण बंद केलं होतं, कातडं परत मिळणार नव्हतं.

"बंद म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे संपलं, आई. दाखला कोरा राहील. मुलं तुमच्याकडेच राहतील."

त्या तिथेच, दारातल्या इवल्या बुटांच्या ओळीशेजारी, खाली बसल्या आणि इतका मोठा उसासा सोडला की आतलं एक बाळ उठलं. हुश्श हा शब्द मी आयुष्यात बऱ्याचदा लिहिलेला आहे, पण तो नेमका कसा ऐकू येतो ते मला त्या दिवशी कळलं. माझीही छाती हलकी झाली. ऑफिसची बॅग वाटेत कुठे टाकली ते आठवेना. काका मागे वळून जिना झाडायला गेले. पाळी त्यांची नव्हती. त्यांना डोळे पुसायचे असावेत.

युगेंडआम्टचा परवाना आला त्या दिवशी अख्ख्या जिन्याला पुरणपोळी मिळाली.

'बॅगेत जागा' अजून चालू आहे. सासूबाई तो बंद करतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त नियम बदलला. वस्तू उघडी द्यायची, जो नेईल त्याच्यासमोर बॅगेत ठेवायची, आणि विचारलं तर ज्याची त्याची सांगायची. दुधाचे पेढे बंद, कारण ते आणायला परवानगीच नाही, हे त्यांनी आता वाचून काढलंय. ग्रुपमध्ये पुष्कळ कुरकुर झाली. काही जण सोडून गेले. सासूबाई म्हणाल्या, जाऊ देत.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "डिसेंबरात पुण्याला चाललेय. तुमचं काही आणायचंय का? नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही." काकांनी ड्रिल हातात तोलत बराच विचार केला. मग म्हणाले की क्षितिज घालतो तशा चपला. खऱ्याच हव्या आहेत, उन्हाळ्यात पाय सुजतात.

जानेवारीत आम्ही तिघं पुण्याहून परत आलो. फ्रांकफुर्टला सामान घेतलं, आणि ईप्सिता सवयीने हिरव्या वाटेकडे वळली. सासूबाई मात्र ट्रॉली ढकलत थेट लाल वाटेने निघाल्या, मान ताठ. आम्ही मुकाट्याने मागे.

काउंटरवरचा अधिकारी मोबाईल खाली ठेवून उठला. बहुधा बऱ्याच वेळात तिकडे कोणी आलं नव्हतं.

सासूबाईंनी स्वतः बॅग उघडली. "हा गोडा मसाला नंदिनीचा. ही साडी देवश्रीची. ही पुस्तकं कुमारची. आणि या चपला." कोल्हापुरी, अवाढव्य मापाच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

"चामडं?"

"म्हशीचं."

"म्हैस!" तो हसला. सासूबाई इतक्या गंभीर होत्या की त्याला गंमत केल्याशिवाय राहवलं नाही. "तुम्हीच मारलीत की काय?"

ईप्सिताने माझा दंड पकडला.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "कोणी मारली मला माहीत नाही. पाळलेली होती. आणल्या मी."

त्याने चप्पल हातात घेऊन उलटसुलट केली, तळवा वाकवून पाहिला, परत वर्तमानपत्रात ठेवली. "ठीक आहे. केवढं हे माप! कोणासाठी?"

"माझ्या भावासाठी," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली. या वेळी भावाचं आडनाव कोणी विचारलं नाही.